पॉइंट सहाची रेघ

निहारच्या मानेवर काळं दिसलं
तेव्हा मला वाटलं, मळ.
आठवडाभर लिंबू घासलं, मग डाळीचं पीठ.
तो ओरडायचा, आई, आता कातडंच सोल.
डॉ. मगदूम म्हणाले, घासू नका बाई,
हे आतून येतंय.
वय तेरा, वजन एकसष्ट,
दुसऱ्या मजल्यावर शीळ घालणारी छाती.
औषधाचं नंतर बघू.
आधी सांगा, हा चालतो किती?

लिफ्टपासून पार्किंगपर्यंत चालतो, डॉक्टर.
शाळेला मी सोडते, स्कूटरवर.
रिंग रोडला उसाच्या ट्रॉल्या, दोन-दोन जोडलेल्या,
आणि कडेनं चालायला
गटारीवरच्या डुगडुगत्या फरश्या.

मी मंगळवार पेठेतली.
आमच्या शाळेला पाच वाटा होत्या.
कुणाची म्हैस कुठल्या बोळात आडवी बसलीय
त्यावर त्या दिवसाची वाट ठरायची.
भाऊ तालमीच्या पोरांत फुटबॉल खेळून
गुडघे फोडून यायचा.
आई म्हणायची, जिवंत हाईस न्हवं? मग हातपाय धू.
मला मात्र मैदानात उतरायची मुभा नव्हती.
मी कठड्यावर बसून गोल मोजले.
पेठेचं कौतुक सांगताना हेही सांगायला हवं.

आणि हेही:
सत्त्याण्णव साल, राजारामपुरी नववी गल्ली,
अमोनियाच्या वासाचं ऑफिस, मी आरेखक.
पाचगावच्या बाजूचं एक रान, चौसष्ट प्लॉट.
मालक खाडे आण्णा टेबलावर वाकून म्हणाले,
पलीकडच्या लेआउटची वर्दळ आपल्यात नको.
ह्यो रस्ता हितंच तोडा.
सरांनी पेन्सिलीनं फुली मारली.
मी शाई केली.
पॉइंट सहाचं पेन, एका श्वासात, न थरथरता.
रेघेवर लिहिलं: कंपाउंड वॉल.

मुलांची जागा? सोडावीच लागते, नियम आहे.
मग ती उरली तिथं सोडली,
नाल्याच्या वळणाला, तिकोनी,
वरनं हाय टेन्शनची तार.
स्टेन्सिल ठेवून मी त्यात तीन झाडं काढली.
माझी झाडं फार छान यायची.

पुढं आम्ही तिथंच फ्लॅट घेतला. परवडला म्हणून.

निहारची शाळा भिंतीच्या पलीकडं आहे.
मधल्या सुट्टीची घंटा
माझ्या भांडी घासायच्या खिडकीत वाजते.
परवा रात्री मी जुन्या नकाशावर स्केल ठेवली.
भिंत नसती, तर एकशे चाळीस पावलं.
रस्त्यानं, पावणेदोन किलोमीटर.
तेरा वर्षांच्या पोराच्या रक्तातली साखर
कुठल्या कागदावर सुरू झाली,
हे डॉक्टरांनी विचारलं नाही.
मी सांगितलंही नाही.

काल तो उशिरा आला.
नडगी सोललेली, चड्डीला शेवाळ,
सोबत चौगुल्यांची पूर्वा,
तिच्या काखेत फुटबॉल, हवा अर्धी गेलेला.
सोसायटीच्या ग्रुपवर तोवर फोटो पडला होता:
भिंतीच्या मागच्या अंगाला लावलेल्या पाच विटा,
पायरीसारख्या.
रविवारी मीटिंग. विषय: भिंतीवर काचा बसवणे.

निहार म्हणाला, आई, पडलो नाही, घसरलो.
म्हटलं, ये इकडं.

ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही.
ब्लेड आडवं धरून, हलक्या हातानं
खरवडावी लागते, कागद न फाटू देता.
खूप वेळ लागतो.
आणि उजेडाला धरलं की ओरखडा दिसतोच.

मी त्याची नडगी धुतली.
हळद लावली.
मग कपाटावरची नळकांडी खाली काढली,
धूळ झटकली,
आणि रविवारच्या मीटिंगला नकाशा न्यायचा की नाही
ते ठरवत बसले.

भिंतीवर
चेंडू आपटल्याचा आवाज येत होता.
कुठल्या बाजूनं, ते कळत नव्हतं.